अजुरान सल्तनतीवर वाद घालायचाय? आधी पुराव्याची तारीख विचारा

"अजुरान हे मध्ययुगीन सोमालियाचं बलाढ्य साम्राज्य होतं" आणि "अजुरान म्हणजे विसाव्या शतकातल्या राष्ट्रवाद्यांनी रचलेली दंतकथा" ही दोन्ही वाक्यं सारखीच आळशी आहेत. पहिलं म्हणणाऱ्याने पुरावा मोजलेला नसतो, दुसरं म्हणणाऱ्याने तो वाचलेलाच नसतो. पुरावा आहे, पण तो वेगवेगळ्या शतकांत नोंदला गेलाय आणि प्रत्येक तुकडा वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर देतो. हा वाद कसा मांडायचा आणि गाडी कुठे रुळावरून घसरते, ते इथे सांगितलं आहे. इतिहास मंडळात किंवा वर्गात घ्यायला विषय उत्तम आहे: साधनं मोजकी आहेत आणि आठवडाभरात नजरेखालून घालता येतात.

दावा फोडून घ्या

"अजुरान सल्तनत होती" या एका वाक्यात निदान पाच दावे दडलेले असतात. एक, दक्षिण सोमालियातल्या शबेले आणि जुबा या नद्यांच्या मधल्या पट्ट्यात अजुरान नावाच्या गटाचं वर्चस्व होतं. दोन, ते वर्चस्व म्हणजे रीतसर राज्य होतं: इमाम, कर, फौज, नेमलेले अंमलदार. तीन, या राज्याचा हुकूम मोगादिशू, मर्का, बरावा या बंदरांवर चालत होता. चार, ते तेराव्या शतकापासून सतराव्यापर्यंत टिकलं. पाच, त्याने पोर्तुगीजांशी युद्ध केलं आणि मिंग चीन व उस्मानी तुर्कांशी संबंध ठेवले.

हे पाच दावे पाच वेगळ्या कागदांवर लिहा. एकाच्या पुराव्याने दुसरा सिद्ध करू देऊ नका; सगळ्यात जास्त लबाडी तिथेच होते, आणि बहुतेकदा नकळत होते. कोणी मोगादिशूचं नाणं दाखवतं आणि त्यावरून नद्यांच्या मधल्या मुलखातलं राज्य सिद्ध झालं असं धरून चालतं. नाणं मोगादिशूचं आहे, एवढंच ते सांगतं.

ठरावाची भाषाही याच बेताने ठरवा. "अजुरान साम्राज्य अस्तित्वात होते" हा ठराव वादाला निरुपयोगी, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या दाव्यांबद्दल बोलत राहतात. "सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोगादिशू अजुरान इमामांच्या अधीन होते" हा चांगला ठराव. त्यात काळ आहे, जागा आहे आणि संबंधाचं स्वरूप आहे. या तिन्हींपैकी एक जरी गाळलं तरी तासाभराने सगळे जिथे होते तिथेच बसलेले दिसतील.

प्रत्येक साधनाची चिठ्ठी, तिच्यावर दोन तारखा

पोस्टकार्डाएवढी चिठ्ठी पुरते. वर साधनाचं नाव, खाली दोन तारखा: घटना कधीची आणि ती लिहिली कधी. मग लेखक त्या ठिकाणी स्वतः गेला होता का, आणि मूळ मजकुरात "अजुरान" हा शब्द आहे का. शेवटचा रकाना सगळ्यांत महत्त्वाचा आहे आणि नेमका तोच लोक रिकामा सोडतात.

उदाहरण घ्या मोरोक्कोचा प्रवासी इब्न बतूता याचं. तो मोगादिशूला पोचला १३३१ मध्ये. प्रवासवर्णन इब्न जुझय्य या लेखनिकाला सांगून पुरं झालं १३५५ मध्ये. मधे चोवीस वर्षं आहेत, पण माणूस प्रत्यक्ष जाऊन आलेला आहे. तो सांगतो की इथल्या सुलतानाला लोक "शेख" म्हणतात, त्याचं नाव अबू बक्र, तो मूळचा बर्बरांपैकी (इथे उत्तर आफ्रिकेतले बर्बर नव्हेत, या भागातलेच लोक), बोलतो स्थानिक भाषा, पण त्याला अरबी येते. बंदरात जहाज आलं की सुलतानाची होडी जाऊन ते कुठून आलं, माल काय, मालक कोण, याची चौकशी करते. काझी आहे, वजीर आहेत, फिर्यादी ऐकण्याची रीत आहे. जेवणात तुपातला भात, त्यावर कोंबडी, मांस आणि मासे, सोबत लोणच्यातलं लिंबू, आलं आणि आंबे (मराठी वाचक इथे थोडा रेंगाळला तरी हरकत नाही). शेवटच्या रकान्यात मात्र लिहायचं: "अजुरान" शब्द नाही. चिठ्ठी दुसऱ्या-तिसऱ्या दाव्यांसाठी वापरताना हा रकाना मोठ्याने वाचायचा.

शिलालेखांच्या आणि नाण्यांच्या हिजरी तारखा बदलताना एक सोपं गणित: हिजरी सनाला ०.९७ ने गुणा आणि ६२२ मिळवा. मोगादिशूच्या फख्रुद्दीन मशिदीवर ६६७ सन आहे. गुणाकार येतो ६४६.९९, बेरीज १२६८.९९, म्हणजे इसवी सन १२६९. नुसते ६२२ मिळवले तर १२८९ येतं आणि वीस वर्षांची चूक होते. हिजरी वर्ष चांद्र असतं, सुमारे अकरा दिवसांनी लहान, म्हणून ही तफावत शतकागणिक वाढत जाते. या गणितात एखाद्या वर्षाचा फरक राहतो. महिना हवा असेल तर कोष्टक बघा.

बाहेरच्यांनी काय पाहिलं

आता चिठ्ठ्या काळाच्या क्रमाने टेबलावर मांडा. याकूत हा भूगोलकार १२२९ मध्ये वारला. त्याच्या नोंदीत मोगादिशूला राजा नाही, कारभार गटागटांचे वडीलधारे पाहतात. त्याच शतकातला इब्न सईद मर्का हे हाविये या सोमाली कुळाचं मुख्य नगर म्हणतो आणि त्या मुलखात पन्नासहून जास्त गावं असल्याचं लिहितो. मग १३३१ चा शेख. मग १४१० च्या दशकात मिंग दरबारातल्या नोंदी आणि चिनी आरमारप्रमुख झेंग हेच्या ताफ्याच्या भेटी, ज्यांत मोगादिशू आणि बरावा ही बंदरं नावाने येतात. मग पोर्तुगीज लेखक दुआर्ते बार्बोझा, ज्याने सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात लिहिलं की मोगादिशूला राजा आहे, खंबायतहून कापड घेऊन जहाजं येतात आणि सोनं, हस्तिदंत, मेण भरून नेतात. बराव्याला मात्र राजा नाही, तिथे वडीलधारे कारभार करतात.

ही मालिका नीट पाहिली की चौथ्या दाव्याचं काय होतं ते दिसतं. तेराव्या शतकापासून अखंड साम्राज्य म्हणणाऱ्याला याकूत, इब्न सईद, इब्न बतूता आणि बार्बोझा या चौघांनाही बाजूला सारावं लागतं. बंदरं वेगवेगळ्या काळात वेगवेगळ्या रीतीने चालत होती आणि १५१० च्या दशकात शेजारशेजारच्या दोन बंदरांचा कारभारसुद्धा एकसारखा नव्हता. काळ जितका मागे ताणाल तितके विरोधी साक्षीदार अंगावर घ्याल. अजुरानच्या बाजूने बोलणाऱ्याने खरं तर हे आधी ओळखायला हवं: दावा सोळाव्या-सतराव्या शतकांपुरता आवरला की तो कितीतरी मजबूत होतो.

उलट बाजूने हीच चूक अशी होते: "बार्बोझा अजुरानचं नाव घेत नाही, म्हणून अजुरान नव्हते." बार्बोझा १५१० च्या दशकातला. अजुरान सत्तेचा गंभीर दावा त्यानंतरच्या काळाचा. ज्या काळाबद्दल साक्षीदार बोलतच नाही, त्या काळाविरुद्ध त्याला उभा करता येत नाही.

मौनाचा पुरावा कधी चालतो

मौनावर बोट ठेवण्याआधी तीन प्रश्न विचारा. लेखकाला ही गोष्ट कळण्यासारखी होती का? कळली असती तर त्याने ती लिहिली असती का? आणि त्याचं लेखन आपल्यापर्यंत पुरतं पोचलं आहे का? तिन्हींना "हो" असेल तरच मौन बोलतं.

पोर्तुगीजांना हे लावून बघा. वास्को द गामाने १४९९ मध्ये परतताना मोगादिशूवर तोफा डागल्या. त्रिस्ताँव द कुन्हाच्या ताफ्याने १५०७ मध्ये बरावा लुटून जाळलं. हे लोक समुद्रावरचे; शबेलेच्या वरच्या अंगाला कोण राज्य करतं हे त्यांना कळण्याचं कारण कमी. तेव्हा आतल्या मुलखाबद्दलचं त्यांचं मौन हलकं. पण बंदराच्या मागे एखादी मोठी सत्ता फौज पाठवत असती तर ती त्यांना नक्की जाणवली असती, आणि शत्रूची ताकद फुगवून लिहिण्यात दरबारी बखरकाराचा फायदाच होता. तिथलं मौन जड. एकाच माणसाचं मौन दोन प्रश्नांना दोन वजनांचं असतं, हे सभेत एकदा उदाहरणासह सांगून टाका.

इथे पाचव्या दाव्याचाही निकाल लागतो. बराव्याची लढाई झाली, यात वाद नाही. तिला "अजुरान-पोर्तुगीज युद्ध" हे नाव आधुनिक लेखकांनी दिलं आहे. मिंग चीनशी संबंधाचा पुरावा म्हणून सांगतात त्या जिराफाचंही तेच: १४१४ मध्ये चीनला जिराफ गेला तो बंगालहून, १४१५ मध्ये गेला तो मालिंदीहून; अजुरान सुलतानाने जिराफ पाठवला या वाक्यामागे मिंग नोंद नाही. तुर्कांच्या बाबतीत मात्र ठोस काही आहे. उस्मानी नौदल सरदार मीर अली बे १५८५-८६ मध्ये या किनाऱ्यावर आला, मोगादिशूसह अनेक बंदरांनी उस्मानी बाजू घेतली, आणि १५८९ मध्ये गोव्याहून आलेल्या आरमाराने त्याला मोंबासात पकडलं. करार झाले ते बंदरांशी, नगरप्रमुखांशी. कोणी हा प्रसंग "उस्मानी-अजुरान युती" म्हणून मांडला तर एवढंच विचारा: कोणत्या कागदात?

या काळाचे पोर्तुगीज कागद शोधताना गोवा विसरू नका. भारतातल्या पोर्तुगीज राज्याची राजधानी १५३० पासून गोवा होती, पूर्व आफ्रिकेचा कारभारही तिथूनच चाले, आणि दियोगु द कोतु हा इतिहासकार तिथल्याच दफ्तरखान्याचा प्रमुख होता. पोर्तुगीज वाचता येणाऱ्या मराठी अभ्यासकाला पणजीचं पुराभिलेखागार लंडन-लिस्बनपेक्षा जवळ पडतं.

तोंडी परंपरा: इथेच खरी मेहनत

अजुरानबद्दल सविस्तर जे काही माहीत आहे, ते बहुतांश तोंडी परंपरेतून आलं आहे. सोमाली भाषेची अधिकृत लिपी ठरली १९७२ मध्ये. त्याआधी लिहिणं अरबीतून, बाकी सारं पाठांतर. इटालियन काळात एन्रिको चेरुल्ली या इटालियन अभ्यासकाने परंपरा गोळा केल्या, आणि १९७० च्या दशकातल्या क्षेत्रकामावर इतिहासकार ली कॅसानेली यांनी १९८२ चा ग्रंथ लिहिला. गारेन हे राजघराणं, इमाम ही पदवी, धान्य आणि जनावरांच्या रूपातला कर, विहिरींवरचा ताबा, मोगादिशूच्या मुझफ्फर घराण्याशी मेळ, आणि शेवटी जुलमाविरुद्ध उठाव हे चित्र मुख्यतः तिथलं. बखर आणि समकालीन पत्र यांतला फरक मराठी वाचकाला नव्याने शिकवायला नको. तीच शिस्त इथे लावा. बखर फेकून देत नाहीत, पण तिच्यावरून तारीख ठरवत नाहीत.

परंपरा तपासताना पहिलं काम म्हणजे सांगणारे किती आणि कोणते ते पाहणं. एकाच कुळाने स्वतःच्या पूर्वजांचा मोठेपणा सांगितला तर वजन कमी. पण अजुरानांना हुसकावून लावलं असं अभिमानाने सांगणारी वेगळी कुळं, वेगळ्या जागी, तेच वर्चस्व गृहीत धरत असतील तर वजन वाढतं. पहिल्या दाव्याचा कणा हाच आहे: अजुरानांचं वर्चस्व त्यांचे शत्रूच आठवणीत ठेवतात. नुसत्या "दंतकथा" या शब्दाने हा मुद्दा उडवता येत नाही.

दुसरं काम, साचा ओळखणं. अजुरान शासक नववधूवर पहिल्या रात्रीचा हक्क सांगत, म्हणून लोक उठले, अशी कथा आहे. मोगादिशूजवळच्या अफगोये गावच्या सिल्सिस सरदारांबद्दलही तीच कथा सांगतात. एकच प्रसंग दोन घराण्यांना चिकटलेला दिसला की तो "जुलूम" या कल्पनेचा साचा समजायचा, घटना म्हणून वापरायचा नाही. सत्तांतर झालं एवढंच त्यातून घ्या.

तिसरं काम वंशावळीचं, आणि इथे आकडे लागतात. सोमाली मुलं बापाकडून वर जाणारी नावांची मालिका, अब्तिरसी, पाठ करतात. बारा पिढ्या मोजल्या आणि पिढीला पंचवीस वर्षं धरली तर तीनशे वर्षं होतात. तेहतीस धरली तर तीनशे शहाण्णव. म्हणजे एका गृहीतकाने जवळजवळ शतक हलतं. शिवाय मालिकेचा मधला भाग आखडतो: ज्या पूर्वजापासून शाखा फुटली नाही त्याचं नाव गळून जातं. आय. एम. लुईस यांनी उत्तर सोमाली वंशावळींवर १९६२ मध्येच याबद्दल लिहिलं आहे. म्हणून वंशावळीतून काढलेली तारीख सभेत नेहमी दोन टोकांसह सांगा, "इतक्यापासून इतक्यापर्यंत". एकच वर्ष सांगणाऱ्याला पिढीची लांबी विचारा.

लिहिलेलं दिसलं म्हणून जुनं समजू नका. किताब अल-झुनूज हा अरबी मजकूर चेरुल्लीने १९५७ मध्ये छापला. तो प्राचीन काळाबद्दल खूप काही सांगतो, पण आजच्या रूपात तो एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचा आहे. चिठ्ठीवर दोन तारखा का लागतात, ते इथे कळतं.

नाणी, दगड, विहिरी

मोगादिशूची तांब्याची नाणी चौदाव्या ते सतराव्या शतकांतली, आणि त्यांचा अभ्यास फ्रीमन-ग्रेनव्हिल यांनी १९६३ मध्ये मांडला. बहुतेकांवर सन नाही, टांकसाळही क्वचितच. ७२२ हिजरी, म्हणजे १३२२ च्या नाण्यावर अबू बक्र इब्न मुहम्मद आहे. नऊ वर्षांनी इब्न बतूताला भेटलेला अबू बक्र, पण उमरचा मुलगा. माणूस एक की दोन, हा छोटा वाद नवशिक्यांकडून घडवून घ्या, सरावाला उत्तम. नाण्यांवरून सिद्ध होतं ते एवढंच: मोगादिशूत नाव कोरण्याचा हक्क सांगणारे सुलतान होते.

दगडी अवशेषांचे फोटो हे सगळ्यांत फसवं साधन. गोंडरशेचे पडके वाडे अजुरानचे म्हणून सर्रास फिरतात. पोवळ्याचा दगड आणि चुना ही बांधणी या किनाऱ्यावर शतकानुशतकं तशीच चालली. मोगादिशूची गरेसा ही इमारत तर झांझिबारच्या सुलतानाच्या काळातली, एकोणिसाव्या शतकातली. दिसण्यावरून वय ठरत नाही. थरातून निघालेलं खापर हवं. चिनी खापर मिळालं तरी ते फक्त "याच्या आधी नाही" असं सांगतं, कारण चांगली वाडगी लोक पिढ्यान्‌पिढ्या सांभाळत आणि मशिदीच्या भिंतीतही बसवत. कोळशाच्या कार्बन तारखेत लाकूड आधीच जुनं असण्याचा धोका; शिंपल्यात समुद्रातल्या जुन्या कार्बनमुळे वय काही शतकं जास्त दिसतं, तिथे दुरुस्ती केली आहे का ते विचारा.

विहिरींवरून "जलसत्ता", म्हणजे पाण्याच्या ताब्यावर उभं राज्य, सिद्ध करणाऱ्यांशी सावकाश बोला. दगडी बांधणीच्या खोल विहिरी आहेत, पण त्यांचं श्रेय परंपरा कधी अजुरानांना देते, कधी मदनले नावाच्या जुन्या लोकांना. विहीर आहे, ती अमक्याने खणली, अमक्याने ती राज्य म्हणून खणली, पाण्यावरून कर घेतला: या चार पायऱ्या आहेत, आणि पुरावा पहिल्या पायरीवरच सगळ्यांत भक्कम आहे. एखादं कूळही विहीर खणतं.

अदाल मधे आणू नका, पण शेजारी ठेवा

उत्तरेकडची अदाल सल्तनत वेगळी. अजुरानची बाजू अडली की कोणीतरी अदालचा सेनानी इमाम अहमद याने ख्रिस्ती इथिओपियावर मिळवलेल्या विजयांकडे वळतो. ते थांबवा. तुलनेसाठी मात्र अदाल उपयोगी, कारण भक्कम पुरावा कसा दिसतो ते तिथे कळतं. १५२९ ची शिंब्रा कुरेची लढाई "फुतूह अल-हबश" या समकालीन अरबी ग्रंथात आहे, सोमाली कुळांच्या तुकड्या नावानिशी आहेत. पुढच्या लढायांसाठी इथिओपियन राजचरित्र आहे, आणि १५४१ मध्ये गोव्याहून गेलेल्या मोहिमेतून क्रिस्ताँव द गामासोबत उतरलेल्या चारशे पोर्तुगीजांपैकी मिगेल द कास्तान्योझुचं वर्णन आहे. एकमेकांचे शत्रू एकाच गोष्टीबद्दल लिहितात. तिथे वाद अस्तित्वाचा नाही, इमाम अहमद कोणत्या वंशाचा याचा आहे. त्याच ग्रंथात अहमद गुरे नावाचा दुसरा एक सोमाली सरदार येतो आणि दोघांची गल्लत होते.

आतल्या मुलखातल्या पडक्या गावांचंही तसंच. कर्ल यांनी १९३७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अवशेषांत इजिप्तच्या मामलूक सुलतान कैतबायची नाणी होती, म्हणजे पंधराव्या शतकाची अखेर. पण ती गावं उत्तरेची, अदालच्या मुलखाची. अजुरानच्या चिठ्ठ्यांत त्यांना जागा नाही.

प्रत्यक्ष सभा

नव्वद मिनिटं पुरतात. दोन बाजू, प्रत्येकी तीन जण, आणि एक चिठ्ठीवाला, जो कोणत्याच बाजूचा नसतो. पहिली वीस मिनिटं फक्त चिठ्ठ्या मान्य करण्यात घालवा: तारखा आणि मूळ मजकूर यांवर दोन्ही बाजू सही करतात. लोकांना हा वेळ वाया गेल्यासारखा वाटतो आणि ते तो कापतात. मग पुढचा तासभर "इब्न बतूता नक्की काय म्हणाला" यात जातो. नंतर एका बाजूला पंधरा, दुसरीला पंधरा, उलटतपासणीला पंचवीस, निकालाला पंधरा. उलटतपासणीत एकच अट: प्रश्न एखाद्या चिठ्ठीला धरूनच विचारायचा.

रंगीत नकाशा सभेत येऊ देऊ नका. हद्द दाखवणारा एकही समकालीन पुरावा नाही, पण नकाशा भिंतीवर लागला की तिसरा दावा न बोलता मान्य होऊन बसतो. आणि सोमाली मंडळी सहभागी असतील तर कोणाचं कूळ विचारू नका. अजुरान हे आजही केनिया, इथिओपिया आणि सोमालियात राहणाऱ्या लोकांचं नाव आहे, आणि १९९१ नंतरच्या यादवीत कुळाच्या नावावर माणसं मारली गेली आहेत.

निकाल हार-जितीचा देऊ नका. पाचही दाव्यांना वेगळी प्रत द्या: भक्कम, संभाव्य, कच्चा, निराधार. आमच्या हिशेबाने पहिला भक्कम आणि संभाव्य यांच्या सीमेवर, दुसरा संभाव्य, तिसरा सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धापुरता कच्चा ते संभाव्य, चौथा कच्चा, पाचवा या शब्दांत निराधार. प्रत्येक प्रतीपुढे ती कशाने बदलेल तेही लिहून ठेवा. गारेन इमामाचं नाव असलेलं नाणं किंवा तारखेचं पत्र मिळालं तर दुसरा दावा एकदम वर जाईल. शबेलेकाठच्या विहिरींचं थरवार उत्खनन होऊन बांधणी एका काळातली निघाली तरी तो वर सरकेल. ती चार-पाच शतकांत विखुरलेली निघाली तर जलसत्तेची गोष्ट तिथेच संपेल.